दुसऱ्याच्या घरचे मूल

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपले शास्त्रीबोवा करून दाखवतात. त्या हिशेबाने पाहिले तर ज्या पाहुण्याविषयी मी आज लिहिणार आहे त्याला अतिथी म्हणताच येणार नाही. त्याची येण्याची तारीख ठरलेली, जाण्याची तारीख ठरलेली, आणि दोन्ही सरकारी कागदावर छापलेल्या. अमेरिकेत जाणारा असेल तर वय पंधरा ते साडेअठरा. मुक्काम एका सहामाहीचा किंवा शाळेच्या एका वर्षाचा. तो ज्या घरात राहतो तेथे त्याचे नात्याचे कोणी नसते. घरची माणसे त्याच्या राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. आणि तरी घरच्या बाईला 'मॉम' म्हणावे की नावाने हाक मारावी, या विचारात त्याची पहिली रात्र अर्धी सरते. इंग्रजीत या प्राण्याला 'एक्स्चेंज स्टुडंट' म्हणतात. मराठीत त्याला अजून धड नाव मिळालेले नाही. तूर्त आपण त्याला पाहुणा विद्यार्थी म्हणू.

या पाहुण्याची मला आठवण झाली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. भाचीची अशा एका वर्षासाठी निवड झाली तेव्हा ताई म्हणाली, "तू जन्मभर सिनेमे पाहत आलास. हिला जाण्यापूर्वी दाखवावा असा यातला एखादा आहे का?" प्रश्न साधा होता. उत्तर द्यायचे म्हणून मी या विषयावरच्या काही प्रसिद्ध कलाकृती पुन्हा एकदा लागोपाठ पाहिल्या. त्या पाहताना जे जाणवले ते एकट्या ताईला सांगण्यापेक्षा दिवाळीच्या निवांत दुपारी चार घरांत वाचले जावे असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. ही प्रथा फार जुनी नाही. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' नावाचा उपक्रम सुरू केला. परदेश पाहायचा तो हॉटेलच्या खिडकीतून न पाहता तिथल्या एखाद्या घरात राहून पाहावा, ही कल्पना त्यातून रुजली. दुसरे महायुद्ध संपल्यावर 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही संस्था या कामात उतरली. तिचा जन्म पहिल्या महायुद्धातला. फ्रान्सच्या रणभूमीवरून जखमी सैनिकांना मोटारीतून हलवणाऱ्या स्वयंसेवकांची ती संघटना. जखमी माणसे उचलता उचलता दोन महायुद्धे पाहिलेल्या या मंडळींनी पुढच्या पिढीची मुले एकमेकांच्या घरी पाठवायचे ठरवले, आणि १९४७ साली दहा देशांतील ५२ मुले अमेरिकेतल्या शाळांत व घरांत येऊन दाखल झाली. आज या व्यवहाराला बारीक नियमांचे कुंपण आहे. पाहुण्या मुलाला स्वतंत्र पलंग हवा, तो घडीचा चालणार नाही, हवा भरायची गादी तर मुळीच चालणार नाही, इथपर्यंत अमेरिकन सरकारने लिहून ठेवले आहे.

पलंग कसा असावा हे नियमाने सांगता येते. त्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाला घरच्यांनी मनात कोठे जागा द्यावी, आणि त्या मुलाने ती कशी मिळवावी, हे नियमाने सांगता येत नाही. हे सांगण्याचे काम कथेचे आणि चित्रपटाचे. त्यांनी ते कसे केले आहे?

सर्वांत गाजलेला पाहुणा विद्यार्थी म्हणजे जॉन ह्यूजच्या 'सिक्स्टीन कँडल्स' (१९८४) या चित्रपटातला लाँग डक डाँग. नायिका सॅमंथा हिचा सोळावा वाढदिवस. पण दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचे लग्न. त्या धांदलीत घरातल्या एकालाही वाढदिवसाची आठवण नाही. लग्नासाठी दोन्हीकडचे आजीआजोबा येतात आणि त्यांतली एक जोडी आपल्याकडे राहणारा हा विद्यार्थी बरोबर घेऊन येते. तो पडद्यावर आला किंवा त्याचे नाव निघाले की मागे घणघणाट करून एक घंटा वाजते. मुलगा नक्की कोणत्या देशाचा याची चित्रपटाला फिकीर नाही. त्याच्या नावाला कोणत्याही भाषेचा आधार नाही. ही भूमिका करणारा गेडी वातानाबे हा नट अमेरिकेत, युटा राज्यात जन्मलेला. त्याला इंग्रजी मोडून बोलावे लागले ते केवळ प्रेक्षकांनी हसावे म्हणून.

विनोदाला माझी हरकत नाही. परक्या घरी गेलेल्या मुलाची फजिती हा सनातन विनोदविषय आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जेवणाच्या टेबलावर हा मुलगा सांगतो की आजीआजोबांकडे आपल्याला आवडते, आपण आईवडिलांना पत्रे लिहितो, आणि आजोबांच्या दुखण्याला त्रास नको म्हणून गवत कापायचे यंत्र आपण ढकलतो. त्या दुखण्याचे नाव तो चुकीचे उच्चारतो आणि आपण हसतो. पण वाक्य पुन्हा ऐकावे. दूरदेशीचा एक मुलगा दोन म्हाताऱ्यांच्या अंगणातले गवत कापतो आहे आणि घरी पत्रे लिहितो आहे. या पत्रांत तो काय लिहीत असेल? चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही. आणि गंमत अशी की हा चित्रपट आहेच मुळी घरच्यांचे लक्ष नसलेल्या एका मुलीविषयी! सॅमंथाच्या दुःखाशी ज्याचे दुःख सहज जुळले असते असा एकच जीव त्या घरात होता. त्याच्याकडे त्या घराचे लक्ष नाही आणि दिग्दर्शकाचेही नाही. नंतरच्या काळात अमेरिकेत वाढलेल्या कित्येक आशियाई मुलांनी सांगितले आहे की शाळेत त्यांना या पात्राच्या नावाने चिडवले जाई. पडद्यावरची घंटा अशी पडद्याबाहेर वाजत राहिली.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ साली, 'बेटर ऑफ डेड' आला. यातली मोनीक ही फ्रेंच मुलगी. जेथे ती राहते तेथल्या माउलीने तिला जवळजवळ आपल्या मुलासाठी मागवून घेतले आहे. या मुलापासून सुटका म्हणून मोनीकने एक युक्ती काढली आहे: आपल्याला इंग्रजी येतच नाही असे ती भासवते. शेजारची मंडळी तिला जेवायला बोलावतात, आणि तिला परके वाटू नये म्हणून गृहिणी ज्या ज्या पदार्थाच्या नावात 'फ्रेंच' आहे तो प्रत्येक पदार्थ करते. तळलेले बटाटे, पाव, कोशिंबिरीवरचे ओतण, सगळे 'फ्रेंच'. हा प्रसंग पाहून मी मोकळेपणाने हसलो, कारण त्या बाईत मला आपल्याकडच्या कित्येक सुगरणी दिसल्या. परप्रांतीय सून आली की तिच्या माहेरचे म्हणून कोठेतरी वाचलेला एखादा पदार्थ हौसेने करून वाढणाऱ्या! हेतू निर्मळ, पदार्थ अनोळखी.

चित्रपट उथळ आहे, पण मोनीकच्या मौनात एक खरी गोष्ट सापडली आहे. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याला स्वतःची अशी एक खोली लागते. ती चार भिंतींची नसली तरी चालते. न बोलण्याचीही चालते. मोनीक पुढे मोटार दुरुस्त करताना आणि बेसबॉलच्या गप्पा मारताना दिसते तेव्हा कळते की ही मुलगी कधीच मुकी नव्हती. तिला ऐकण्यासारखे माणूस भेटले नव्हते, इतकेच.

वीस-बावीस वर्षांनी काळ पालटला. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकन सरकारने मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांसाठी २००२ साली एक शिष्यवृत्ती योजना सुरू केली. भारतातील मुलेही त्या योजनेतून अमेरिकेत गेली. या पार्श्वभूमीवर २००७–०८ मध्ये 'एलियन्स इन अमेरिका' ही दूरदर्शन-मालिका आली. विस्कॉन्सिन राज्यातले एक छोटे गाव. शाळेत कोणी विचारत नाही अशा आपल्या मुलाला मित्र मिळावा म्हणून आई पाहुणा विद्यार्थी मागवते. तिच्या मनात सोनेरी केसांचा, खेळात चमकणारा युरोपी मुलगा. विमानातून उतरतो तो पाकिस्तानचा राजा नावाचा मुलगा. अधीर कल्याण या भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी नटाने तो फार गोड उभा केला आहे.

ही मालिका धीट होती यात शंका नाही. राजाची शाळेशी ओळख होते त्या प्रसंगात बाई वर्गाला विचारतात की हा आपल्याहून इतका वेगळा आहे याविषयी तुम्हाला काय वाटते. मुले मनातला राग बोलून दाखवतात आणि बाई शांतपणे ऐकून घेतात. अज्ञान किती सभ्य चेहऱ्याने वावरते याचे असे चित्रण मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे. राजाला परत पाठवण्याचा आईचा पहिला विचारही मालिकेने लपवलेला नाही.

पण मग लेखकांचे पाऊल अडखळले. राजा देवमाणूस आहे! तो कामाला चुकत नाही, रागावत नाही, कोणाचा हेवा करत नाही. त्याच्या निरागसतेमुळे घर सुधारते आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. लाँग डक डाँगला विदूषक केले आणि राजाला संत. दोन्हीत मुलाचे मूलपण गेले. सोळा वर्षांचा मुलगा कधीतरी दार आपटतो, जेवणावर रुसतो, तिसऱ्या महिन्यात घरच्या आठवणीने चिडका होतो आणि त्याचे खापर तिथल्या थंडीवर फोडतो. सतत आभारी असलेले मूल पाहिले की मला काळजी वाटते. घरच्या मुलाने आभार मानायचे नसतात. ज्याला मानावे लागतात तो अजून उंबरठ्यावरच आहे. ही मालिका अठरा भागांनंतर बंद झाली. ती आणखी चालती तर राजा कदाचित भांडायला शिकला असता.

या साऱ्यांत मला सर्वांत खरी वाटलेली कृती एका व्यंगचित्रमालिकेतली आहे. 'द सिम्प्सन्स'चा १९९० साली दाखवला गेलेला एक भाग. बार्ट हा व्रात्य मुलगा शाळेत भयंकर खोडी करतो आणि मुख्याध्यापक शिक्षेऐवजी त्याला फ्रान्सला पाठवण्याची तोड काढतात. तेथे त्याची गाठ पडते दारू गाळणाऱ्या दोन लबाड शेतकऱ्यांशी. ते त्याला द्राक्षे तोडायला लावतात, निजायला जमीन देतात. इकडे त्याच्या जागी अल्बानियाचा आदिल येतो. हा मुलगा इतका आज्ञाधारक, घरकामाला इतका तत्पर की बार्टचा बाप खूष होऊन जातो. प्रत्यक्षात आदिल हेर असतो आणि बापाच्या अणुकेंद्राची चित्रे काढत असतो. आदर्श पाहुण्याची याहून नेमकी थट्टा कोणी केली नसेल. यजमानाला पाहुणा आवडतो तो बरेचदा आपले कौतुक करणारा आरसा म्हणून. आरशामागे कोण उभे आहे हे पाहण्याची त्याला गरज भासत नाही.

पण मी या भागाला श्रेष्ठ म्हणतो ते शेवटच्या प्रसंगासाठी. लबाड यजमान मद्यात विषारी द्रव मिसळतात हे बार्टला कळते. गावात पोलीस भेटतो, पण त्याला इंग्रजी येत नाही. बार्ट हताश होऊन चालू लागतो आणि स्वतःशीच पुटपुटतो की दोन महिने झाले तरी आपल्याला या भाषेचा एक शब्द येत नाही, आपण खरेच मठ्ठ आहोत. आणि एकदम थबकतो. हे पुटपुटणे फ्रेंचमध्ये चालले होते! न शिकवता, न कळता भाषा अंगात मुरली होती. परक्या घरी राहण्यात नेमके काय घडते ते या अर्ध्या मिनिटात आले आहे. लबाडांच्या घरात राहूनसुद्धा ते घडते. भाषा शिकल्याचा क्षण कोणालाच दिसत नाही. ती आल्यावर दिसते. यजमान कुटुंबाशी जडलेले नातेही असेच असावे.

एक पुस्तकही येथे नोंदवले पाहिजे. अमांडा रिप्ली या पत्रकार बाईंनी २०१३ साली 'द स्मार्टेस्ट किड्स इन द वर्ल्ड' लिहिले. फिनलंड, दक्षिण कोरिया आणि पोलंड या देशांत वर्षभर राहिलेली तीन अमेरिकन मुले हा त्याचा कणा. येथे पाहुण्याचे डोळे प्रथमच कामाला लावले आहेत, आणि शाळांविषयी ती मुले जे टिपतात ते मोलाचे आहे. पण बाईंना शोध आहे उत्तम शाळांचा. मुलांकडून त्या शाळेची खबर घेतात. घराची खबर ओघात येते तेवढीच.

म्हणजे फिरून प्रश्न तोच: ही गोष्ट सांगते कोण? आपल्याकडे एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या वाराच्या मुलांपैकी कित्येक पुढे मोठे झाले आणि त्यांनी आत्मचरित्रे लिहिली. म्हणून कोणत्या घरी पान वाढताना आवाज कसा बदलत असे, कोणती माउली ताकाबरोबर मायेचा शब्द वाढत असे, हे आपल्याला पाटावर बसलेल्या मुलाच्या बाजूने ठाऊक आहे. वाढणाऱ्याची बाजू आपल्याकडे फारशी लिहिली गेली नाही. अमेरिकन पडद्यावर उलट झाले. तेथे लेखणी वाढणाऱ्याच्या हातात राहिली आणि जेवणारा नुसता दिसत राहिला. कथा यजमानाने सांगितली की पाहुणा एक तर हास्यास्पद होतो नाहीतर उपकारक.

यावर कोणी म्हणेल, विनोदी चित्रपटांकडून इतकी अपेक्षा कशाला? त्याचे उत्तर देण्यासाठी एक दुःखद हकिगत सांगितली पाहिजे. सणाच्या अंकात ती सांगताना मन जड होते, पण ती घडली एका सणाच्याच दिवसांत. जपानमधील नागोयाचा योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा मुलगा १९९२ साली लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज या शहरी एका कुटुंबात राहायला आला. १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो त्या घरच्या मुलाबरोबर हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला. सोंगे घेऊन अनोळखी दारे ठोठावण्याचा तो सण. मुलांनी चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरातली माणसे घाबरली. घरमालक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि जागेवर थांबण्यासाठी ओरडला. मेजवानीला आल्याचे सांगत हसत पुढे येणारा योशिहिरो त्याच्या गोळीने मरण पावला. पुढे फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. दिवाणी न्यायालयाने मात्र त्याला जबाबदार धरले.

क्रिस्टीन चॉय यांनी १९९७ साली या घटनेवर माहितीपट केला. तो पाहताना मला राहून राहून ती पडद्यावरची घंटा आठवत होती. चित्रपटामुळे गोळी सुटली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे बाष्कळपणाचे होईल. पण दारात उभे असलेले परके पोर हे कोणाचे तरी पोर आहे, हे चटकन ओळखण्याची सवय माणसाला कोठून तरी लागावी लागते. ती घरातून लागते, शाळेतून लागते, आणि आपण ज्या गोष्टी पाहून हसतो-रडतो त्यांतूनही लागते. माझी अपेक्षा एवढीच आहे.

योशिहिरोच्या आईवडिलांनी काय केले तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या घरांतून बंदुका कमी व्हाव्यात म्हणून त्यांनी जपानमध्ये सुमारे १७ लाख सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. मुलगा ज्या घरात राहत होता तेथले दांपत्य या कामात त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. एक मूल दोन घरांचे होते, याचा याहून दारुण पुरावा नको. आणि मग त्या आईवडिलांनी मुलाच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवली: अमेरिकन मुलांनी जपानमध्ये येऊन तिथल्या घरी राहावे यासाठी! ज्या देशाने मुलगा परत दिला नाही त्या देशाच्या मुलांना त्यांनी आपल्या देशातली घरे उघडून दिली.

जपानी घरातली एक रीत मला या संदर्भात फार बोलकी वाटते. तेथे टबाबाहेर अंग धुऊन घेऊन मग कढत पाण्यात बसायचे. पाणी एकच, घरातल्यांनी पाळीपाळीने वापरायचे. पाहुण्याला पहिली पाळी देतात. अशा घरी वर्षभर राहणाऱ्या मुलाला एखाद्या संध्याकाळी कोणी सांगावे, आज तू तिसरा, आधी आजोबा जातील. तो मान कमी झाला असे त्याने समजू नये. त्या संध्याकाळी त्याचे पाहुणेपण संपले.

या विषयावरच्या कलाकृतीची माझी कसोटी हीच: तिच्यात पाहुण्याची पाळी कधी बदलते? 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये ती बदलतच नाही, कारण त्या मुलाला कोणी रांगेतच घेतलेले नाही. मोनीक रांग सोडून शेजारी जाते. राजा कायम पहिल्या मानाच्या पाळीवर अडकून बसतो. बार्टला तर नावापुरतेही घर मिळत नाही. पण भाषा मिळते आणि तेवढ्यावर तो पार होतो. मुले परदेशी निघाली असतील त्या घरांनी हा 'सिम्प्सन्स'चा भाग एकत्र बसून जरूर पाहावा. राजाचे दोन-चार भाग पाहावेत आणि मुलांना सांगावे की इतके चांगले असण्याची गरज नाही. बाकीचे पाहिले नाहीत तरी काही अडत नाही.

उरते ते अजून लिहिले गेलेले नाही. परक्या घरी वर्ष काढून आलेली मुले आज आपल्याही गावांत आहेत. कोणाच्या फ्रीजला हात लावण्यापूर्वी किती दिवस विचारावे लागले, पहिले भांडण कोणत्या भाषेत झाले, आपल्या वाट्याचे काम न सांगता करण्याचा दिवस कोणता, हे त्यांना माहीत आहे. वाराच्या मुलांनी जसे लिहिले तसे त्यांनी लिहावे. यजमानांना देव करू नये, स्वतःला विदूषक करू नये. पहिल्या रात्रीपासून प्रारंभ करावा आणि पाळी बदलली त्या संध्याकाळपर्यंत यावे. तेवढे पुस्तक पुरे आहे.